गधेगाळ : भिवंडीच्या मातीतील शापशिल्पे

१/ भिवंडीजवळचे अंजूर म्हटले की वसई मोहिमेसाठी झटलेले गंगाजी नाईक अंजूरकर आठवतात. वसई जिंकली गेली १७३९ मध्ये. त्याच्या सुमारे ५०० वर्षे आधी याच तालुक्यात शिलाहार राजांचे एक दानपत्र दगडावर कोरले गेले.

२/ लोणाडजवळच्या चौधरपाडा येथील हा शिलालेख शिलाहार राजा दुसरा केशिदेव याच्या काळातील, शके ११६१ चा. त्याची शिळा ‘गधेगाळ’ प्रकारात मोडते.

३/ गधेगाळाचे सर्वसाधारणपणे तीन भाग असतात. वर सूर्य, चंद्र व कलश. मध्ये दानाचा लेख. खाली गाढव व स्त्री यांचे शिल्प. सूर्य-चंद्र असेपर्यंत हे दान टिकावे, हा वरच्या भागाचा अर्थ. जो ते मोडील त्याच्या आईवर गाढवाकरवी अत्याचार होईल, हा खालचा शाप.

४/ शाप चित्रात का? लेख वाचू शकणारे थोडे होते. शिल्प मात्र सर्वांना कळे. राजाज्ञेचा धाक अक्षरांविना पोहोचविण्याची ही युक्ती होती.

५/ त्याच शिलाहारांचे अंबरनाथचे शिवमंदिर (शके ९८२) भूमिज शैलीतील नाजूक कोरीवकामासाठी विख्यात आहे. गधेगाळातील आकृती त्या मानाने ओबडधोबड. एक कला देवासाठी होती, दुसरी कायद्यासाठी. शिल्पपरंपरेचा अभ्यास करताना दोन्ही पाहाव्या लागतात.

६/ या दगडांत एक अस्वस्थ करणारे सत्यही आहे. गुन्हा जमीन बळकावणाऱ्याचा, शिक्षा मात्र त्याच्या आईच्या देहाला. घराण्याची अब्रू स्त्रीच्या शरीरात ठेवणारी ही समजूत आजच्या आई-बहिणीवरच्या शिव्यांतही जिवंत आहे.

७/ कालांतराने लेखाचा अर्थ विस्मरणात गेला. कुठे गधेगाळाला शेंदूर फासून देव मानले गेले, तर कुठे अशुभ समजून तो पुरला गेला. शेंदराच्या थराखाली अक्षरे बुजतात आणि पुरलेल्या दगडाबरोबर त्या गावाचा लेखी पुरावाही जमिनीत जातो.

८/ म्हणून गावाच्या वेशीवर सूर्य-चंद्र कोरलेली शिळा दिसली, तर ती हलवू नये, घासू नये. छायाचित्र घ्यावे, जागा नोंदवावी, पुरातत्त्व विभागास कळवावे. त्या दगडावर एखाद्या गावाच्या इतिहासाचे पहिले पान असू शकते.