महसुली मार्गदर्शिका : छापील व पडद्यावरील (अहिल्यानगर जिल्हा)

जमिनीच्या हक्कांची व पिकांची नोंद कोणत्या नमुन्यात, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या अधिकारात करावयाची, हे नोंद करणाऱ्यास सांगणाऱ्या पुस्तकास महसुली मार्गदर्शिका म्हणतात. विसाव्या शतकात ही मार्गदर्शिका छापील ग्रंथाच्या रूपात होती. एकविसाव्या शतकात गावाचे दप्तर संगणकावर गेले, तेव्हा तिचा बराच भाग संगणकीय आज्ञावलीच्या वापरपुस्तिकेच्या रूपाने पडद्यावर आला. हा बदल केवळ माध्यमाचा नाही. छापील मार्गदर्शिकेत नियम नोंदवहीच्या बाहेर राहतो. आज्ञावलीत तो नोंदवहीतच मिसळून जातो. अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून, कागदावर लिहिलेले कोणाला वाचता येते, या प्रश्नाचा इतिहास तेथे विशेष जुना आहे.

पूर्वपीठिका : पेशवाईत व १८१८ नंतर ब्रिटिश अमलातही गावाचे दप्तर वतनदार कुलकर्ण्याकडे असे. लेखन मोडी लिपीत होई आणि ते कसे करावयाचे याचे ज्ञान घराण्यातच वडिलांकडून मुलाकडे जाई. त्यासाठी पुस्तकाची गरज भासत नसे. ब्रिटिश सरकारने १८३५ नंतर गोल्डस्मिड व विंगेट यांच्या देखरेखीखाली नव्या पद्धतीची मोजणी व जमाबंदी सुरू केली. १८४७ च्या संयुक्त अहवालात तिची तत्त्वे एकत्र ग्रथित झाली. हा अहवाल पुढे मुंबई इलाख्यातील भूमापनाचा आधारग्रंथ ठरला; परंतु तो अधिकाऱ्यांसाठी होता, रयतेसाठी नव्हे.

लिहिणारा व ज्याच्याविषयी लिहिले जाते तो यांच्यातील अंतर १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांत उघड झाले. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे मे महिन्यात सुरू झालेले दंगे अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे इ. तालुक्यांत पसरले. शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः सावकारांच्या घरांतील कर्जरोखे व खतपत्रे यांवर होता. ती हिसकावून घेऊन जाळण्यात आली. आपण अंगठा कशावर उठवला हे पुष्कळांना वाचता येत नव्हते. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. शेतकऱ्यांचे दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावेत, अशी तरतूद त्यात होती. लिहिण्याच्या रीतीवर नियंत्रण असल्याशिवाय लिहिलेल्यावर विश्वास बसत नाही, हे त्यातून मान्य झाले.

छापील मार्गदर्शिका : १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेखाची पद्धत आली. गावच्या हिशेबांसाठी क्रमांक १ ते २१ असे गाव नमुने रूढ झाले. त्यांचा पद्धतशीर खुलासा एफ. जी. एच. अँडरसन या सनदी अधिकाऱ्याने महसुली हिशेबांच्या मार्गदर्शिकेत केला. हा ग्रंथ महसूल खात्यात ‘अँडरसन मॅन्युअल’ या नावानेच ओळखला जातो. गाव नमुना ७ (अधिकार अभिलेख) व गाव नमुना १२ (पिकांची नोंद) मिळून होणारा ‘सातबारा’ हा या नमुन्यांपैकी सर्वपरिचित होय.

१९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने नष्ट झाली आणि पगारी, बदलीपात्र तलाठ्याकडे दप्तर आले. घराण्याचे ज्ञान संपले, तेथे पुस्तकाची गरज सुरू झाली. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ व त्याखालील अधिकार अभिलेखाचे १९७१ चे नियम यांमुळे ही पद्धत स्थिर झाली. अशा छापील ग्रंथाचे वैशिष्ट्य असे, की त्यावर आवृत्ती व वर्ष असते, बदल शुद्धिपत्रकाने कळविले जातात आणि जुने पान नव्यासोबत टिकून राहते. एखाद्या वर्षी कोणता नियम लागू होता, हे पुढे तंटा उपस्थित झाल्यास दाखविता येते.

पडद्यावरील मार्गदर्शिका : संगणकाच्या क्षेत्रात छापील व पडद्यावरील पुस्तिका प्रथम एकाच मजकुराची दोन रूपे होती. बेल प्रयोगशाळेतील युनिक्स प्रणालीच्या पुस्तिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे; पुढे तीच पाने एका आज्ञेने पडद्यावर वाचता येऊ लागली. १९८० नंतरच्या दशकात वैयक्तिक संगणकांबरोबर जाडजूड छापील पुस्तिका मिळत. छपाईचा खर्च, वजन आणि आज्ञावलीत वारंवार होणारे बदल यांमुळे १९९० नंतर त्यांची जागा आज्ञावलीतच अंतर्भूत असलेल्या साहाय्य-पानांनी व पीडीएफ प्रतींनी घेतली.

भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. २००८ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमाने तिला व्यापक रूप दिले. पुढील दशकात ‘ई-फेरफार’ आज्ञावलीद्वारे फेरफार नोंदी संगणकावर होऊ लागल्या. हस्तलिखित व संगणकीकृत सातबारा ताडून पाहण्यासाठी २०१७ मध्ये गावोगावी चावडीवाचन घेण्यात आले आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी उपयोजनाद्वारे पिकाची नोंद शेतकरी स्वतः करू लागला. वापरपुस्तिकेचा वाचक यामुळे बदलला. तलाठ्यासाठी लिहिलेल्या सूचना आता बांधावर उभ्या असलेल्या खातेदारालाही समजणे आवश्यक झाले.

तुलना : पडद्यावरील मार्गदर्शिकेचे लाभ स्पष्ट आहेत. ती एकाच वेळी सर्व तालुक्यांत पोहोचते, पडद्याच्या चित्रांनी प्रत्येक पायरी दाखविते आणि आवश्यक रकाना रिकामा राहिल्यास नोंद पुढे जाऊ देत नाही. मर्यादा याच गुणांतून उद्‌भवतात. कागदी नोंदवहीत अपवादात्मक प्रकरण शेरा लिहून नोंदविता येई. आज्ञावलीत ज्यासाठी पर्याय ठेवलेला नाही, ते नोंदविता येत नाही. वीज वा जोडणी खंडित झाली, की नोंदवही व साहाय्य-पान दोन्ही एकदमच बंद पडतात. शिवाय नवी आवृत्ती आली, की जुनी सूचना सहसा मागे काही न ठेवता नाहीशी होते.

यात केवळ सोयीचा प्रश्न नाही. १९६६ च्या अधिनियमानुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. कलम १५५ खाली लेखनातील चुकांची दुरुस्ती करता येते; परंतु चूक लेखनाची की नियमाची, हे ठरविण्यास नोंदीच्या दिवशी कोणती सूचना लागू होती, हे कळावे लागते. म्हणून पडद्यावरील पुस्तिकेची प्रत्येक आवृत्ती दिनांकासह मराठीत जतन करणे व तिची एक छापील प्रत गावात ठेवणे इष्ट ठरते. १८७५ मध्ये रयतेने जाळला तो तिला न वाचता येणारा कागद होता. पडद्यावरच्या अक्षरांबाबत तसा अविश्वास निर्माण होऊ नये, यासाठी नोंद करण्याचा नियम खातेदारालाही वाचता आला पाहिजे.