सर्टिफिकेटवर सही कोणाची? बंगळुरू आणि कॉम्प्युटर क्लासची चाळीस वर्षं

आजचा विषय आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात घडून गेलेला आहे. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सोलापूर, बिदर या पट्ट्यातून रात्रीची बस धरायची आणि सकाळी बंगळुरूच्या मॅजेस्टिक स्टँडवर उतरायचं. हातात बी.कॉम. किंवा बी.एस्सी.ची मार्कशीट. खिशात वडिलांनी पतपेढीतून नाहीतर पीएफमधून उचललेले पैसे. त्यातून एका खासगी संस्थेचा कॉम्प्युटर कोर्स करायचा आणि नोकरीला लागायचं, असा बेत.

पुढे कोर्स पूर्ण होतो, सर्टिफिकेट मिळतं. मुलाखतीला गेल्यावर समोरचा माणूस सर्टिफिकेट बाजूला ठेवतो आणि विचारतो, "डिग्री कशात?" तिथं त्या मुलाला कळतं की ज्या कागदासाठी घरानं कर्ज काढलं, तो कागद संस्थेच्या दाराबाहेर फारसा चालत नाही.

यावर आपण दोन गोष्टी पटकन बोलून मोकळे होतो. एक तर "पोरगं अभ्यासाला कच्चं होतं", नाहीतर "संस्थाच लबाड होती". दोन्ही कधी कधी खरं असतं. पण चाळीस वर्षं, पिढ्या बदलून, तंत्रज्ञान बदलून, तीच तक्रार पुन्हा पुन्हा येते, तेव्हा गाठ दुसरीकडे कुठेतरी आहे असं समजावं. ती गाठ कुठे बसली, ते आज बघू.

सुरुवात कॉम्प्युटरच्या आधीपासून करू. आपल्याकडे टायपिंग इन्स्टिट्यूट होत्या. एका खोलीत दहा-बारा मशिनं, खडखड आवाज, तासाची वेळ ठरलेली. मालक खासगी, फी खासगी, नफाही खासगी. पण परीक्षा मात्र सरकारी. मिनिटाला ३० शब्द, ४० शब्द. महाराष्ट्रात ही परीक्षा सरकारी वाणिज्य प्रमाणपत्राची, कर्नाटकातही टायपिंगची परीक्षा सरकारच घेतं. म्हणजे शिकवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. मास्तर कितीही गोड बोलले तरी परीक्षेच्या दिवशी मुलाला नापास करण्याचा अधिकार तिऱ्हाइताकडे होता. म्हणूनच ते सर्टिफिकेट कोर्टात, बँकेत, कलेक्टर कचेरीत चालायचं. हे लक्षात ठेवा, कारण कॉम्प्युटर आल्यावर नेमका हाच धागा सुटला.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडली. त्या सुमारास देशात कॉम्प्युटर थोडे आणि ते चालवणारी माणसं त्याहून थोडी. मनुष्यबळ कसं तयार करायचं हे ठरवायला सरकारनं समिती नेमली. तिचे अध्यक्ष प्रा. व्ही. राजारामन. पुढे ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. साध्या पदवीधराला कॉम्प्युटरकडे वळवणारा एमसीए हा अभ्यासक्रम या समितीच्या शिफारशीतून आला. विद्यार्थ्यांना परवडेल अशा किमतीतली राजारामन यांची पाठ्यपुस्तकं देशभर वाचली गेली. वाट योग्य होती. पण विद्यापीठांत जागा मोजक्या आणि शिकू इच्छिणारी मुलं लाखोंनी.

ती पोकळी खासगी संस्थांनी भरली. १९८१ मध्ये राजेंद्र पवार आणि विजय थडानी यांनी एनआयआयटी सुरू केली. १९८६ मध्ये मुंबईत ॲप्टेक आली. मध्ये १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये राजीव गांधी सरकारनं नवं कॉम्प्युटर धोरण आणलं, आयातीवरचा कर कमी केला आणि यंत्रं थोडी स्वस्त झाली. मोठ्या संस्थांच्या मागोमाग शहराशहरांत लहान-मोठ्या शेकडो पाट्या लागल्या.

याच वर्षांत बंगळुरू घडत होतं. १९८१ मध्ये पुण्यात जन्मलेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळुरूला गेली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आली आणि निर्यात करणाऱ्या कंपन्यांना उपग्रहाची जोडणी मिळू लागली. घरोघरी बंगळुरू या शब्दाचा अर्थ बदलला. पूर्वी तो रेशीम, एचएएल, बीईएल असा होता. आता तो कॉम्प्युटरची नोकरी असा झाला.

पण या कंपन्या माणसं घेत होत्या ती बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांतून. इंजिनिअरिंग म्हणजे एक तर गुणवत्तेची जागा, नाहीतर पैसा. खासगी कॉलेजांच्या फीचा अंदाज हवा असेल तर कर्नाटकातलंच उदाहरण घ्या. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजलेलं कॅपिटेशन फीचं प्रकरण तुमकूरच्या एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयातलं होतं. सरकारी जागेला वर्षाला २,००० रुपये आणि बाहेरच्या राज्यातल्या विद्यार्थ्याला ६०,००० रुपये, असा तिथला हिशेब होता. मध्यमवर्गीय घरानं काय करावं? कॉम्प्युटर क्लास हा गरिबाचा इंजिनिअरिंगचा दरवाजा वाटला, यात नवल नाही.

तो क्लास दिसायचाही भारदस्त. घरात पंखा, क्लासमध्ये एसी. लॅबच्या बाहेर चपला काढायच्या, देवळात काढतात तशा, कारण धूळ चालत नाही. आत वर्डस्टार, लोटस, डीबेस, कोबॉल. नंतर फॉक्सप्रो, व्हिज्युअल बेसिक, ओरॅकल, जावा. दारात टाय घातलेला काउन्सेलर. आपल्याला तो सल्लागार वाटायचा, पण त्याचं काम होतं प्रवेश करून घेणं. महिन्याला किती प्रवेश, यावर त्याची नोकरी.

आणि फ्रँचायझीचं गणित समजून घ्या. नाव मोठ्या संस्थेचं, जागा आणि यंत्रं स्थानिक मालकाची. मिळालेल्या फीतला वाटा मुख्य संस्थेला जायचा. उरलेल्यातून भाडं, वीज, एसी, जाहिरात. मग कात्री कुठे लागणार? शिकवणाऱ्याच्या पगारात. म्हणून पुष्कळ ठिकाणी मागच्या बॅचचा मुलगा पुढच्या बॅचला शिकवायचा. एका मशिनवर दोघं-तिघं बसायचे. फी आधी, शिकवणं नंतर. पैसे एकदा आले की कोर्स चांगला चालवण्याची निकड उरत नाही.

परीक्षा कोण घेणार? तीच संस्था. निकाल लावणार तीच, सर्टिफिकेटवर सहीही तिचीच. जो विकतो तोच तपासतो. आपल्याच गिऱ्हाइकाला नापास कोण करेल? आणि जिथं कोणी नापास होत नाही, त्या परीक्षेला नोकरी देणारा कशाला मान देईल? टायपिंगवाल्या मास्तरांच्या काळातला सरकारी परीक्षक इथं गायब झाला होता.

सरकारला हे दिसलं नाही असं नाही. १९९० मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागानं डोएक नावाची योजना सुरू केली. ओ, ए, बी, सी असे चार स्तर. ओ म्हणजे पाया, बी जवळपास एमसीएच्या तोडीचा. शिकवा कुठेही, खासगी संस्थेत शिकवा, पण परीक्षा आमची, देशभर एकच. कल्पना अगदी टायपिंगच्या धर्तीची. हीच संस्था आज नायलिट या नावानं चालते.

मग ती सगळीकडे का पसरली नाही? कारण ती परीक्षा खरी होती. खऱ्या परीक्षेत माणूस नापास होतो. काउन्सेलरच्या टेबलासमोर बसलेल्या पालकापुढे दोन कागद ठेवले, एक नापास होण्याची शक्यता असलेला आणि एक हमखास मिळणारा, तर तो दुसरा उचलतो. त्यात त्या पालकाचा दोष नाही. नोकरी देणारा या दोन कागदांत किती फरक करतो हे त्याला सांगणारं कोणी नव्हतं.

महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी सुरू झाली. तिथं हा धागा पुन्हा बांधला गेला. केंद्रं खासगी, परीक्षा तंत्रशिक्षण मंडळाची. सरकारी नोकरीत ते प्रमाणपत्र चालतं म्हणून तालुक्यातालुक्यांत ते पोचलं. त्याची झेप मर्यादित आहे, ती कॉम्प्युटर साक्षरता आहे, प्रोग्रॅमर घडवणं नाही. पण मिळणार काय ते आधी ठाऊक असल्यामुळे निराशाही तेवढीच मर्यादित.

बंगळुरूतलंच एक वेगळं उदाहरण बघा. टॅली. १९८६ मध्ये गोएंका पितापुत्रांनी सुरू केलेल्या कंपनीचं हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, मुख्यालय बंगळुरूत. टॅलीचे क्लासही खासगीच, लहान खोलीतले. पण तिथून निघालेल्या मुलाला चिकपेटच्या कापड दुकानात काय किंवा इचलकरंजीच्या सूत व्यापाऱ्याकडे काय, नोकरी मिळाली. कारण सोपं आहे. व्यापाऱ्यानं मुलाला मशिनसमोर बसवलं, दोन व्हाउचर घालून दाखव म्हटलं, आणि दहा मिनिटांत निकाल लागला. इथं तिऱ्हाईत परीक्षक तो व्यापारी होता. सॉफ्टवेअर कंपनीत असं दहा मिनिटांत कळत नाही, म्हणून ती कागदाकडे बघते, आणि कागद विश्वासाचा नसेल तर डिग्रीकडे बघते.

आता १९९८-९९ मध्ये या. वायटूके. सन २००० उजाडल्यावर जुने प्रोग्रॅम तारखेला चुकतील म्हणून अमेरिकेला कोबॉल येणारी माणसं हवी होती. एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० होती, ती आधी १,१५,००० आणि मग १,९५,००० झाली. गल्लीतला कोणी ना कोणी अमेरिकेला गेला, आणि क्लासच्या जाहिरातीला यापेक्षा चांगला पुरावा कुठला? मुलं रांगा लावून आली.

मार्च २००० मध्ये अमेरिकेतला नॅसडॅक निर्देशांक शिखरावर गेला आणि तिथून कोसळला. २००१ मध्ये बंगळुरूतल्या कंपन्यांनी भरती आखडली. ज्यांनी दोन-तीन वर्षांच्या कोर्सची फी भरली होती त्यांचा कोर्स चालू, बाजार बंद. प्रशिक्षण संस्थांचे शेअर पडले, पुष्कळ फ्रँचायझी केंद्रं मिटली. पाटी उतरली की सर्टिफिकेटची उरलीसुरली किंमतही गेली.

काही वर्षांत भरती परत आली, पण मोठ्या कंपन्यांनी वेगळा रस्ता धरला. कॉलेजातून पदवीधर घ्यायचे आणि महिनोन्‌महिने आपणच शिकवायचं. इन्फोसिसचं मैसूरुचं प्रशिक्षण केंद्र त्याचंच रूप. त्यांचं म्हणणं असं की विचार करता येणारा मुलगा द्या, भाषा आम्ही शिकवू. आणि क्लास नेमकी भाषाच विकत होता.

एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. या क्लासांनी हजारो आयुष्यं उभीही केली. कला-वाणिज्यच्या मुली पहिल्यांदा कॉम्प्युटरला हात लावायला तिथंच गेल्या. ज्याला आधीच तर्क जमत होता, ज्यानं रात्री जागून स्वतः प्रोग्रॅम लिहिले, तो पुढे गेला. जाहिरातीत फोटो त्याचाच लागायचा. उरलेल्या बॅचचा फोटो कुठेच लागत नव्हता.

आता एसी लॅब गेली, मोबाईलचा पडदा आला. डेटा सायन्स, फुल स्टॅक, एआय. २०२० मध्ये बंगळुरूच्या बायजूजनं व्हाइटहॅट ज्युनियर ही मुलांना कोडिंग शिकवणारी कंपनी ३० कोटी डॉलरला घेतली. तिच्या जाहिरातीतला, गूगलमध्ये कोट्यवधींच्या पगारावर गेलेला 'वूल्फ गुप्ता' हा मुलगा काल्पनिक होता. त्याच वर्षी भारतीय जाहिरात मानक परिषदेनं कंपनीला पाच जाहिराती मागे घ्यायला सांगितल्या. जुलै २०२४ मध्ये कंपनी न्यायाधिकरणाच्या बंगळुरू पीठानं खुद्द बायजूजविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल करून घेतली.

जुन्या गाठीवर या काळात एक नवी गाठ बसली, ती कर्जाची. पूर्वी हप्ता चुकवला तर क्लास बंद, एवढंच. आता वित्तकंपनी सगळी फी संस्थेला एकदम देते आणि हप्ता विद्यार्थ्याच्या खात्यातून आपोआप कापला जातो. कोर्स आवडला नाही, शिक्षक आला नाही, संस्थाच बंद झाली, तरी हप्ता चालू. डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयानं पालकांना सावध करताना या आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांचा मुद्दाम उल्लेख केला होता.

कायदा काय म्हणतो? २००९ मध्ये पाटण्याच्या एका दंत महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मान्यतेबद्दल खोटं सांगून प्रवेश देणाऱ्या संस्थेला जबाबदार धरलं. २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं महाविद्यालयं ग्राहक कायद्याबाहेर ठेवली, पण कोचिंग संस्था त्यात येतात असं म्हटलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे खोट्या वचनाविरुद्ध दाद मागता येते. पण वाया गेलेली दोन वर्षं कुठलं न्यायालय परत देत नाही.

म्हणून पैसे भरायच्या आधी चार प्रश्न विचारा. परीक्षा कोण घेतं, संस्था की दुसरं कोणी? मागच्या बॅचमध्ये किती नापास झाले? 'नोकरीची हमी' हे शब्द पावतीवर लिहून देता का, की फक्त तोंडी? आणि मी मध्येच सोडलं तर कर्ज कोणाच्या नावावर राहतं? काउन्सेलरनं या प्रश्नांवर विषय बदलला, तर उत्तर मिळालं असं समजा.

आणि घरात कोणी असं सर्टिफिकेट घेऊन हिरमुसून परत आलं असेल, तर त्याला "तुलाच जमलं नाही" म्हणण्याआधी हा इतिहास सांगा. त्याची परीक्षा कोणी घेतलीच नव्हती.