मनगटातील बोगद्याचा विकार : शारीरिक तपासणीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

रोगनिदानाचा इतिहास बहुधा उपकरणांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु काही विकारांचे निदान वैद्याचे बोट, रुग्णाचे मनगट आणि रुग्णाचे कथन एवढ्याच साधनांवर उभे राहिले. कार्पल टनेल सिंड्रोम हा त्यांपैकी एक होय. मनगटातील लहान हाडे व आडवा अस्थिबंध यांच्यामधील अरुंद मार्गातून नऊ कंडरा व मीडियन मज्जातंतू जातात. या मज्जातंतूवर दाब पडला म्हणजे अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिकेची अर्धी बाजू यांत मुंग्या येतात. प्रस्तुत लेखात या विकाराच्या तपासणीचा विकास कसा झाला, याचा विचार केला आहे.

कथनाकडून शरीररचनेकडे :

मनगटाजवळील अस्थिभंगानंतर या मज्जातंतूवर दाब आल्याचे वर्णन जेम्स पॅजेट यांनी 1854 मध्ये केले. 1880 मध्ये बोस्टन येथील जेम्स पटनम यांनी रात्री हात बधिर होणाऱ्या रुग्णांची नोंद केली. त्यांत स्त्रियांची संख्या अधिक होती. हात झटकल्याने आराम पडतो, हे रुग्णांचे सांगणेही त्यांनी टिपले. कारण मात्र रक्तपुरवठ्यात शोधले. 1913 मध्ये प्येर मारी व शार्ल फ्वा यांनी शवविच्छेदनात अस्थिबंधाजवळ सुजलेला मज्जातंतू दाखविला. तरीही पुढील तीन दशके दोष मानेजवळच्या मज्जातंतूजालावर ठेवला जात राहिला व काही रुग्णांवर तेथे शस्त्रक्रियाही झाल्या. दुखणे हातात आणि शस्त्र मानेपाशी, अशी ही स्थिती होती. 1947 मध्ये रसेल ब्रेन व सहकाऱ्यांनी सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केल्यावर ती पालटू लागली.

युद्धकाळातील चिन्ह :

मनगटावर बोटाने हलके ठोकून मुंग्या येतात का हे पाहण्याची रीत झ्यूल तिनेल यांच्या नावाने ओळखली जाते. वस्तुतः पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांचे तुटलेले मज्जातंतू पुन्हा वाढत आहेत किंवा नाहीत, हे ओळखण्यासाठी त्यांनी 1915 मध्ये हे चिन्ह वर्णिले. त्याच वर्षी जर्मनीत पाउल हॉफमन यांनीही तेच मांडले होते. मूळ अर्थाने हे चिन्ह सुधारणेचे द्योतक होते. मनगटाच्या विकारात ते दाबाचे द्योतक ठरले. चिन्ह तेच राहिले, अर्थ मात्र बदलला.

फॅलेन यांची कसोटी :

अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकचे जॉर्ज फॅलेन यांनी 1950 नंतर या विकाराला सर्वपरिचित केले. रुग्णाने कोपरे टेबलावर टेकून हात मनगटातून सैल खाली सोडावेत व सुमारे एक मिनिट तसेच ठेवावेत, एवढीच त्यांची कसोटी होती. 1966 मध्ये त्यांनी 439 रुग्णांच्या 654 हातांचा अनुभव प्रसिद्ध केला. 1991 मध्ये डर्कन यांनी बोगद्यावर अंगठ्याने थेट दाब देण्याची रीत सुचविली.

कसोट्यांची कसोटी :

1956 मध्ये सिम्प्सन यांनी मज्जातंतूतील विद्युतसंवेगाचा वेग मनगटाशी मंदावतो, हे दाखविले. त्यानंतर हाताच्या कसोट्या यंत्राच्या निकषावर तोलल्या जाऊ लागल्या. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेत तिनेल व फॅलेन यांच्या चिन्हांचे निदानमूल्य मर्यादित आढळले. रुग्णाने हाताच्या चित्रावर दाखविलेली लक्षणे, तर्जनीवरील वेदनेची जाणीव कमी होणे आणि अंगठा दूर नेण्याची शक्ती घटणे, या बाबी अधिक उपयुक्त ठरल्या. येथे एक तार्किक अडचण उरते. लक्षणे स्पष्ट असूनही काही रुग्णांची विद्युततपासणी निर्दोष येते. अशा वेळी यंत्रालाच अंतिम प्रमाण मानले, तर खऱ्या रुग्णाला निरोगी ठरविण्याचा धोका संभवतो.

समारोप :

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, वैद्यकातील चिन्हांनाही स्थलांतराचा इतिहास असतो. नावावरून त्यांचा मूळ हेतू कळत नाही. दुसरी, पटनम यांच्या रुग्णांनी सांगितलेली रात्रीची बधिरता आजही निदानाचा महत्त्वाचा धागा आहे. भारतात हाताच्या बधिरतेमागे कुष्ठरोगही असू शकतो. म्हणून त्वचेवरील चट्टे व जाड झालेले मज्जातंतू पाहणे आवश्यक ठरते. त्यासाठी यंत्र नव्हे, तर प्रशिक्षित हात लागतो. शारीरिक तपासणी ही यंत्राची पर्यायी नव्हे, तर त्याच्या आधीची पायरी आहे, आणि त्याही आधी रुग्णाचे म्हणणे ऐकून घेण्याची पायरी आहे.