चुडावा परिसरातील उच्च प्राथमिक शिक्षण

चुडावा हे महाराष्ट्राच्या परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यातील एक गाव असून ते पूर्णा–नांदेड लोहमार्गावर वसलेले आहे. या परिसरातील इयत्ता सहावी ते आठवीच्या शिक्षणाची जबाबदारी मुख्यतः परभणी जिल्हा परिषदेकडे आहे.

पार्श्वभूमी

हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानी राजवटीत वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून दिले जाई. त्यामुळे मराठीभाषक ग्रामीण मुलांची शाळा बहुधा लवकर सुटे. १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या अखत्यारीत गेल्या. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७३ टक्के होती; राज्याची ८२ टक्क्यांहून अधिक.

पटसंख्या आणि उपस्थिती

शाळेतील शिक्षकांची पदे पटसंख्येवरून ठरतात; या प्रक्रियेस संचमान्यता म्हणतात. शिक्षणहक्क कायद्यानुसार (२००९) सहावी ते आठवीसाठी ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, तसेच गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक अपेक्षित आहे. पट घसरला की पद जाते, हे ग्रामीण शाळेचे जुने दुखणे होय.

यासाठी गृहीत धरला जाणारा पट प्रथेप्रमाणे ३० सप्टेंबरचा असतो. ऊसतोडीचा हंगाम मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. जिल्ह्याच्या अनेक भागांतून मजूर कुटुंबे तेव्हा कारखान्यांच्या क्षेत्रात जातात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे पट मोजला जातो तेव्हा मूल गावात असते आणि दुसरे सत्र सुरू होते तेव्हा ते फडावर असते. थोरली मुलगी असेल तर धाकट्या भावंडांना सांभाळणे तिच्याच वाट्याला येते. अशा मुलांना आजी-आजोबांजवळ गावातच राहता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे चालविली जातात, तर पालकांसोबत जाणाऱ्यांना दुसऱ्या शाळेत प्रवेश सुलभ व्हावा यासाठी शिक्षण हमी कार्ड दिले जाते.

हजेरीपटावरील नाव आणि वर्गातील मूल यांतील अंतराचा प्रश्न शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील पटपडताळणीने ऐरणीवर आणला. त्यापाठोपाठ ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात राज्यभर विशेष पटपडताळणी झाली. तीही हंगामाच्या आधीचीच, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

सामाजिक रचना

यू-डायस प्रणालीत प्रत्येक शाळेतील मुला-मुलींची संख्या, सामाजिक प्रवर्ग आणि दिव्यांगत्व यांची नोंद होते. एकूण पट कायम असतानाही ही रचना बदलू शकते: ऐपत असलेली कुटुंबे मुलांना पूर्णा वा नांदेड येथील इंग्रजी शाळांत पाठवू लागली, की गावच्या शाळेत शेतमजुरांच्या मुलांचे प्रमाण वाढते. निकालांची तुलना करताना हे सहसा विसरले जाते.

गुणवत्ता

२०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धतीने श्रेणी दिल्या जातात. शैक्षणिक वर्ष २०२३-२४ पासून पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा लागू झाली. आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा अलीकडे बहुधा फेब्रुवारीत, ऐन तोडणीत घेतली गेली. शाळेच्या निकालाची टक्केवारी परीक्षेस बसलेल्यांवरून काढली जाते. फडावर असलेले विद्यार्थी तीत उत्तीर्णही नसतात आणि अनुत्तीर्णही नसतात.