बोटाची किंमत

लेथवर काम शिकायला आलेल्या मुलाला वर्कशॉपमध्ये पहिली सूचना मिळते, ‘हातमोजे काढून ठेव.’ नवख्याला हे उलटंच वाटतं. पण फिरत्या चकमध्ये मोजा अडकला, की त्याबरोबर हातही ओढला जातो. चकचे मिनिटाला 600 फेरे म्हणजे सेकंदाला 10. धोका दिसल्यावर हात हलायला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. तेवढ्यात चक दोनदा फिरलेला असतो! मग अपघातानंतर ‘तुझं लक्ष कुठे होतं?’ असं विचारण्याला काय अर्थ?

तरीही कायदा बराच काळ हेच विचारत होता. इंग्लंडमध्ये 1837 च्या एका निकालापासून असं मानलं जाऊ लागलं, की सहकाऱ्याच्या चुकीने कामगाराला इजा झाली तर मालक जबाबदार नाही. नोकरी धरताना कामगाराने तो धोका पत्करलेलाच असतो.

मुंबईच्या कापडगिरण्यांत तेव्हा एका वाफेच्या इंजिनावर छताजवळचा लांब शाफ्ट फिरे आणि चामडी पट्ट्यांनी प्रत्येक यंत्राला गती मिळे. पट्टा बाजूला सरकवला, तरी कापूस पिंजणाऱ्या यंत्राचा जड रूळ जडत्वामुळे फिरतच राही. 1881 च्या फॅक्टरी कायद्याने धोकादायक भागांना कुंपण घालायला सांगितलं, पण 100 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच. भरपाईबद्दल त्यात काही नव्हतं.

सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारी आयोगापुढे गेलं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी आपल्याला माहीत असते. आणखी एक मागणी मात्र विस्मरणात गेली आहे: कामावर जबर दुखापत झाल्यास बरं होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचं अपंगत्व आल्यास उदरनिर्वाहाची सोय व्हावी. दोष कुणाचा, हा प्रश्न या मागणीत नव्हताच. त्याच वर्षी जर्मनीने मालकांच्या वर्गणीतून अपघात विम्याचा कायदा केला. इंग्लंडमध्ये भरपाईचा कायदा 1897 साली आला. आपल्याकडे तो 1923 साली झाला आणि 1 जुलै 1924 पासून लागू झाला. मुंबईच्या कामगारांनी चाळीस वर्षं वाट पाहिली.

या कायद्याने प्रश्नच बदलला. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना घडला का, एवढंच पाहायचं. साध्या बेसावधपणाने हक्क जात नसे. नशेत असणं, संरक्षक जाळी मुद्दाम काढून टाकणं असे अपवाद होते.

कमाईची क्षमता किती घटली, याचा तक्ता कायद्याला जोडलेला होता. पुढे सुधारलेल्या तक्त्यात अंगठा गेला तर 30 टक्के, तर्जनी 14, मधलं बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7. अंगठ्याला एवढं वजन का? तो इतर बोटांसमोर येतो म्हणून पकड जमते. मुलांना अंगठा तळहाताला चिकटपट्टीने बांधून शर्टाची बटणं लावायला सांगा. उत्तर त्यांनाच सापडेल.

शेकडेवारीचं एक गणितही घेता येईल. या कायद्याच्या अखेरच्या काळातील सूत्र असं: पगाराचे 60 टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला गुणक, गुणिले तक्त्यातली टक्केवारी. वय 30, पगार 10,000 रुपये, गुणक 207.98. तर्जनी गेली तर भरपाई सुमारे 1 लाख 75 हजार रुपये.

पण तक्त्याला बोट दिसतं, त्या बोटाचा धंदा दिसत नाही. 1975 साली सर्वोच्च न्यायालयाने डावा हात गमावलेल्या एका सुताराच्या खटल्याचा निकाल दिला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने त्याचं अपंगत्व पूर्ण, म्हणजे 100 टक्के, मानलं.

1923 च्या कायद्याची जागा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. भरपाईचा हक्क कायम आहे. पण भरपाईने बोट परत येत नाही. पॉवर प्रेसला दोन बटणं ठेवली आणि दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याशिवाय ठोका पडणार नाही अशी रचना केली, तर हात साच्यात राहूच शकत नाहीत. 0.2 सेकंदांवर खरा उपाय यंत्रातच करावा लागतो. आपले किती विद्यार्थी उद्या अशा यंत्रांपुढे उभे राहणार आहेत! तिथे दोन बटणं आहेत का, जाळी जागेवर आहे का, हे विचारण्याचा त्यांना हक्क आहे, एवढं तरी त्यांना शाळेत कळायला हवं.