छिन्नी कुणी धरली?

आमच्या शहरातल्या कलासंग्रहालयात पाहुण्या वक्त्यांची व्याख्यानमाला होती. त्या दिवशी विषय अजिंठा. वक्ते म्हणाले, १८१९ साली जॉन स्मिथ शिकारीला आला नि लेणी ‘सापडली’. जणू तोवर खाली वाघूर वाहतच नव्हती! मग सोळावं लेणं. ते हरिषेण वाकाटकाचा मंत्री वराहदेव यानं करवून घेतलं. त्याचं नाव शिलालेखात आहे.

मी मागनं विचारलं, छिन्नी कुणी धरली?

‘पुरावा नाही.’

नाही कसा? चोविसावं लेणं अर्धवट पडलंय. त्याच्या भिंतींवर घाव अजून उघडे आहेत. माझ्या बापानं १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली. कुठं हात दमला, हे त्यानं घावावरनं सांगितलं असतं.

वक्त्यांनी पुढची स्लाइड टाकली.