तार कुठल्या गल्लीत वळते?

आमच्या गल्लीत टेलिफोनची तार आली ती वडिलांनी अर्ज केल्यावर कित्येक वर्षांनी. केबलची तार मात्र गच्चीवरून गच्चीवर उड्या मारत एका दुपारीच आली. एक तार बोलायची, दुसरी बघायची, असा साधा हिशेब होता. हा हिशेब अमेरिकेत कसा मोडला, ते आज सांगायचं आहे. गोष्ट तंत्रज्ञानाची आहे, पण मी पडलो कवी. मला ती एका शब्दाची वाटते.

तिकडे 1948च्या सुमारास केबल सुरू झाली ती डोंगराआडच्या गावांसाठी. उंचावर अँटेना उभारायची आणि तिथून घरोघर तार न्यायची. रस्ते गावाचे, म्हणून परवानाही गावाचा. परवाना देताना अनेक नगरपालिका अट घालत, की तार सगळ्या वस्त्यांत गेली पाहिजे. टेलिफोन कंपन्यांना आपल्या हद्दीत केबल चालवायला 1984च्या कायद्याने मनाई केली होती. ती 1996 साली उठली. पुढे केबल कंपन्या आपल्या तारेवरून इंटरनेट आणि टेलिफोनही देऊ लागल्या, तेव्हा टेलिफोनवाल्यांनाही टीव्हीकडे वळणं भाग पडलं.

अडचण एकच होती. केबलची जाड तार सगळी चॅनेल्स एकदम घरात आणते, आपण त्यातून निवडतो. टेलिफोनची तांब्याची तार बारीक, तिच्यात एवढं मावत नाही. व्हेरायझन कंपनीने थेट घरापर्यंत ऑप्टिकल फायबर नेलं आणि 2005 साली टेक्सासमधल्या केलर गावात टीव्ही सुरू केला. एसबीसी या कंपनीने खर्च वाचवला. फायबर वस्तीतल्या पेटीपर्यंत, पुढे जुनीच तांब्याची तार. प्रेक्षक बटण दाबेल तेवढंच चॅनेल इंटरनेटच्या पद्धतीने घरात पाठवायचं. दरम्यान तिने एटी अँड टी विकत घेऊन तेच नाव धारण केलं होतं. 2006 साली सॅन अँटोनियोत ही सेवा सुरू झाली.

आणि इथेच शब्दाचं भांडण लागलं. कंपनी म्हणाली, आमची सेवा इंटरनेटची आहे, ती ‘केबल’ नव्हेच. मग गावोगावचा केबलचा परवाना आम्हाला कशाला? हा नुसता व्याकरणाचा वाद नव्हता. परवाना गेला की सगळ्या वस्त्यांची अटही जाणार होती. याच एसबीसीने 2004 साली गुंतवणूकदारांना आपला बेत सांगितला होता. जास्त खर्च करणाऱ्या ग्राहकांपैकी सुमारे 90 टक्क्यांपर्यंत पोचायचं. ज्यांच्याकडून मिळकत कमी, त्यांच्यापैकी 5 टक्क्यांहूनही कमी. टीकाकारांना 1930च्या दशकातले ते नकाशे आठवले, ज्यांत गरिबांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर लाल रंग फासला होता. त्या वस्त्यांत घरासाठी कर्ज मिळणं मुश्कील होई.

टेक्सासने 2005 साली गावाऐवजी राज्याचाच परवाना आणला. उत्पन्न पाहून कुणाला वगळू नये, असं कायद्यात लिहिलं; पण गावभर तार टाकाच, अशी सक्ती ठेवली नाही. मागोमाग अनेक राज्यांनी तोच रस्ता धरला. 2007 साली कनेटिकटमधल्या संघीय न्यायालयाने ही सेवा केबलच आहे, असा निकाल दिला. पण तोवर बऱ्याच ठिकाणी गावाच्या हातातून परवाना निसटला होता.

पुढे त्या टीव्हीचं काय झालं? 2020 साली एटी अँड टीने ही सेवा नव्या ग्राहकांना देणं बंद केलं. प्रेक्षक नेटफ्लिक्स, यूट्यूबकडे वळत होते. चित्रं कुणाचीही असोत, वाहून न्यायला तार हवीच. ज्या वस्तीत ती चांगली पोचली नाही, तिथलं नुकसान टीव्हीपुरतं राहिलं नाही. मुलांचा अभ्यास, नोकरीचे अर्ज, डॉक्टरचा सल्ला, सगळं त्याच तारेवर आलं होतं.

शब्दाचा अर्थ कोण ठरवतो, याला आपण कवी मंडळी फार महत्त्व देतो, असं लोक हसून म्हणतात. त्या एका शब्दावर तार कुठल्या गल्लीत वळणार हे ठरत होतं.